धरणगावची पलटण आणि आंबापाणीचे रणांगण

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी जेम्स औट्रम या इंग्रज सेनानीचा पुतळा आहे. कोलकात्यात व्हिक्टोरिया स्मारकाच्या आवारात त्याचाच अश्वारूढ पुतळा आहे आणि इंग्लंडच्या राजेरजवाड्यांच्या सहवासात, वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये, तो चिरविश्रांती घेत आहे. या कीर्तीचा पाया ज्या गावी घातला गेला, ते गाव मात्र आपल्या खानदेशातील धरणगाव होय. तेथे १८२५ मध्ये उभ्या राहिलेल्या 'खानदेश भिल्ल कोअर' या पलटणीला २०२५ साली दोनशे वर्षे पूर्ण झाली. पलटण उभारणाऱ्याचे पुतळे दोन खंडांत उभे राहिले. पण ज्यांच्या पायांत ती पलटण होती, त्या भिल्ल शिपायांची नावे जळगाव-धुळ्यातील किती घरांत ठाऊक असतील?

ही पलटण का उभी राहिली, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. सातपुडा, सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांतील घाटांची राखण व गावांची जागल ही भिल्लांची परंपरागत कामे होती आणि त्यापोटी त्यांना ठरलेले हक्क मिळत. अठराव्या शतकाच्या अखेरीची बेबंदशाही आणि १८०३चा भीषण दुष्काळ यांत ही घडी मोडली. सत्य कटू असले तरी सांगितलेच पाहिजे. उत्तर पेशवाईतील अधिकाऱ्यांनी भिल्लांना आवरण्याच्या नावाखाली जे क्रौर्य केले, त्यात १८०४ मधील कोपरगावच्या कत्तलीची नोंद आहे. घाटांचा राखणदार घाटांचा लुटारू झाला, तो अशा मार्गाने. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. धुळ्याला ठाणे करून बसलेल्या कॅप्टन ब्रिग्जने घाटांची नाकेबंदी केली, रसद तोडली, फाशी आणि माफी ही दोन्ही अस्त्रे वापरून पाहिली. कवायती फौजा डोंगरात गेल्या आणि हिवतापाने खंगून परतल्या. डोंगर काही वठणीवर आला नाही.

तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या सरकारने धोरण बदलले. भिल्लांना शेतीवर वसविण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमले गेले आणि भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचे काम तेविसाव्या देशी पायदळातील औट्रमकडे आले. तो त्या वेळी अवघा बावीस वर्षांचा होता. प्रथम त्याने डोंगरातील ठाण्यांवर छापा घातला आणि मग तोच माणूस भिल्लांत जाऊन राहिला, त्यांच्यासह वाघाच्या शिकारीला गेला, त्यांच्या पहाऱ्यात निर्धास्त झोपला. आरंभी अगदी मोजकेच जण त्याच्याबरोबर आले. जमा करून आपल्याला मारून टाकण्याचा हा डाव असावा, अशी भीती त्यांच्या मनात होती, आणि कोपरगाव आठवले की ती निराधार म्हणवत नाही. तरी दोन-तीन वर्षांत ही संख्या सहाशेच्या वर गेली.

या काळातील एक प्रसंग मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पलटण मालेगावच्या छावणीत गेली, तेव्हा औट्रमच्या मूळ पलटणीतील देशी शिपायांनी या भिल्ल शिपायांना सन्मानाने बोलावून बसविले आणि पानसुपारी दिली. गावकुसाबाहेर ज्यांना उभे केले जाई, त्यांना बरोबरीच्या नात्याने दिलेला तो विडा होता. इंग्रजांच्या वेतनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या विड्याने भिल्ल शिपायाला बांधून घेतले असेल, तर त्यात नवल ते काय?

युद्धशास्त्राच्या दृष्टीनेही या पलटणीचे स्वरूप विचारात घेण्यासारखे आहे. युरोपात ज्याला 'लाइट इन्फन्ट्री' म्हणतात, ते हलके पायदळ म्हणजे ओझे कमी, चाल वेगवान, रांग विरळ आणि झाडाझुडपांच्या आडोशाने स्वत:च्या बुद्धीने लढणारा शिपाई. इंग्लंडमध्ये सर जॉन मूर याने १८०३ पासून शॉर्नक्लिफच्या छावणीत हे शिक्षण पद्धतशीरपणे देण्यास आरंभ केला. मावळातील शिपाईगड्यांनी ते दीडशे वर्षे आधी सह्याद्रीच्या कड्यांवर करून दाखविले होते आणि सातपुड्यातील भिल्ल बालकाला तर ते चालायला लागल्यापासूनच अवगत होते. पाऊलखुणांवरून माग काढणे, रात्रीच्या अंधारात घाट उतरणे, मूठभर धान्यावर दिवस काढणे ही विद्या त्याने कोणत्याही छावणीत शिकलेली नव्हती. औट्रमने त्याला बंदूक आणि कवायत दिली. बाकीचे सारे त्याचे स्वत:चे होते.

परंतु इंग्रजांचा हिशेब उदात्त नव्हता. जो डोंगर गोऱ्या व परप्रांतीय फौजेला जिंकता आला नाही, तो डोंगरच्या पुत्रांकडूनच जिंकून घ्यायचा, असा तो सरळ व्यवहार होता. १८३० मध्ये डांगच्या राजांवर झालेल्या मोहिमेत हीच पलटण होती. प्रयोग यशस्वी ठरताच त्याच्या प्रती निघाल्या. १८४१ मध्ये मेवाड भिल्ल कोअर उभी राहिली आणि १८५७ च्या अखेरीस अहमदनगरला कोळी कोअर.

या धोरणाचे सर्वांत दु:खद फळ १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात दिसले. खानदेशात उठावाचा झेंडा उभारणारे खाज्या नाईक हे कोणी उपरे नव्हते. मुंबई-आग्रा मार्गावरील सेंधवा घाटाची राखण इंग्रजांनी त्यांच्याकडेच सोपविली होती. नगर-नाशिकच्या सीमेवर लढलेले भागोजी नाईकही पूर्वी पोलिसांत होते. ज्या चाकरीने भिल्लांना 'माणसाळविले' अशी शेखी इंग्रज मिरवीत होते, त्याच चाकरीतून हे दोघे बंडाकडे वळले. नोव्हेंबर १८५७ मध्ये खाज्या नाईकांनी आग्रा मार्गावर सात लाखांचा सरकारी खजिना हस्तगत केला. त्यानंतर ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी येथे तुंबळ लढाई झाली. भिल्लांनी खडकांच्या आडोशाने चिवट झुंज दिली. पकडलेल्यांना जागीच लष्करी न्यायालयाचा देखावा करून गोळ्या घालण्यात आल्या आणि शेकडो स्त्रियांना बंदी करण्यात आले. इंग्रजांच्या बाजूने या मोहिमेत कोण होते? इतर फौजांबरोबर धरणगावची भिल्ल पलटणही होती. दोन्हीकडे तीच बोली, तेच दैवत, तेच डोंगरी युद्धकौशल्य. फक्त बंदुकीचे तोंड कोणाच्या हुकुमाने वळले, एवढाच काय तो फरक!

मग धरणगावच्या शिपायांना फितूर ठरवून मोकळे व्हायचे काय? इतका सोपा न्याय इतिहासाला मान्य होत नाही. ज्या समाजाने त्यांना हक्क नाकारले, वेळप्रसंगी कापून काढले, त्याच समाजाने त्यांच्याकडून निष्ठेची अपेक्षा कोणत्या अधिकाराने करावी? परक्याने विश्वास टाकला, म्हणून तो त्यांना आपला वाटला. दोष द्यायचाच तर तो विश्वास टाकण्याचे काम परक्यावर सोडणाऱ्यांकडे आधी जातो. त्याचबरोबर, इंग्रजांनी कृपावंत होऊन रानटी जमातीला सुसंस्कृत केले, ही औट्रमच्या चरित्रकारांची मांडणीही तितकीच त्याज्य आहे. पराक्रम, इमान आणि शिस्त हे भिल्लांचे मूळचे गुण होते. औट्रमने ते ओळखले, इतकेच त्याचे श्रेय.

२०२१ पासून १५ नोव्हेंबर हा दिवस देशभर जनजाती गौरव दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी प्रतिमापूजन आणि भाषणे होतात, ती व्हावीतच. परंतु खानदेशापुरते बोलायचे, तर त्याहून मोठे काम शिल्लक आहे. या पलटणीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते जवळजवळ सर्व इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून आलेले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी कागदाच्या चिठोऱ्यासाठी गावोगाव पायपीट केली आणि अखेरचा श्वास धुळ्यात घेतला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात १९२७ पासून आहे. जळगावात विद्यापीठ आहे. धरणगाव, चोपडा, यावल, शिरपूर आणि अक्राणीच्या पाड्यांवरील वृद्धांच्या तोंडून, गीतांतून, वंशावळींतून जे मिळेल ते टिपून घेण्यास तरुण कार्यकर्त्यांना कोणाची आडकाठी आहे? सुट्टीतला एक आठवडा, एक वही आणि अहिराणी व भिल्ली बोली जाणणारा सोबती एवढी सामग्री त्यासाठी पुरेशी आहे. मात्र पाड्यावर जाताना उपदेश करण्यासाठी नव्हे, तर ऐकण्यासाठी जावे लागेल.

मालेगावच्या छावणीतील त्या विड्याने जे साधले, ते फाशीने आणि नाकेबंदीने साधले नव्हते. दोनशे वर्षांपूर्वी चार साध्या शिपायांना जे उमगले, ते आजच्या सुशिक्षित समाजाला उमगले, तर सातपुड्याच्या कुशीतील कोणत्याही तरुणाला आपलेपणा शोधण्यासाठी परक्याच्या दारी जावे लागणार नाही. आंबापाणीच्या दोन्ही बाजूंना पडलेल्या वीरांचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग नाही.