आधी जुजबंदी, मग जलसा

आमच्या शहरात दरवर्षी कुठे ना कुठे खुशनवीसीचा जलसा होतो. भिंतीवर सोनेरी चौकटीतले तुगरे लागतात. पाहुणे बगदादपासून सुरुवात करतात, इब्न मुक्लाचे नाव घेतात आणि 'ये हमारा विरसा है' म्हणून टाळ्या मिळवतात. टाळ्या आम्हीही वाजवतो. पण घरी परतताना एकच सवाल टोचत राहतो. खुशनवीसाने जी किताब लिहिली, तिचा कागद कुणी केला? तिची जिल्द कुणी बांधली? त्यांचा जलसा कधी होणार?

हाताने किताब करणे ही एकट्या माणसाची करामत कधीच नव्हती. कागजी चिंध्या भिजवून, कुटून लगदा करी, गवताच्या काड्यांच्या चटईवर तो हौदातून उचली, वाळलेल्या कागदाला खळ लावी आणि गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणी. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणारे कागजीपुरा हे गाव आजही याच कसबाच्या नावाने ओळखले जाते. कातिब बोरूला तिरका छेद देई, दिव्याच्या काजळीत बाभळीचा डिंक कालवून शाई करी आणि त्याच बोरूच्या नुक्त्याने अलिफची उंची मोजी. पान संपले की तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवी. पानांचा क्रम चुकू नये, जिल्दसाजाचे काम सोपे व्हावे, म्हणून ती खूण. मग जिल्दसाज एकेक जुज जुळवी आणि शिवी.

पानाच्या तळाचा तो एक शब्द आम्हांला साऱ्या तुगऱ्यांहून मोलाचा वाटतो. लिहिणारा बांधणाऱ्याची आठवण ठेवत होता, याचा तो पुरावा आहे. त्या दोघांची ताटातूट आम्ही केली. विजापूरच्या इब्राहिम आदिलशाहाने खलीलुल्लाहला 'पादशाह-ए-कलम' हा किताब दिला, हे आम्हांला तोंडपाठ आहे. जिल्दसाजाचे मात्र एकही नाव पाठ नाही. लिहिणारा तो फनकार, बांधणारा तो कारागीर. फनकाराला दिवाणखाना, कारागिराला उंबऱ्याजवळची चपलांची जागा! इस्लाममध्ये उच्चनीच नाही असे आम्ही मिंबरावरून सांगतो आणि कागजी, रंगरेज, जिल्दसाज यांच्या घरी सोयरीक जुळायची वेळ आली की शजरा उघडून बसतो. कला आणि कारागिरी यांतला आमचा फरक हुनराचा नाही, बिरादरीचा आहे.

बरे, कातिबाला तरी आम्ही काय दिले? १८५८ साली मुन्शी नवल किशोर यांनी लखनौत छापखाना काढला. शिळाप्रेसमुळे उर्दू किताब छापली जाऊ लागली, तरी अक्षर हाताचेच राहिले. कातिब मसाला लावलेल्या कागदावर तेलकट शाईने लिही आणि ते पान दगडावर उतरे. पुढे १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालीक आले, १९९४ मध्ये इनपेज आले आणि कातिबाची बैठक उठली. संगणकाला आम्ही दोष देत नाही. आमच्या प्रश्नपत्रिकाही त्यावरच निघतात. पण पानामागे मोजून मजुरी घेणाऱ्या त्या माणसाची पाठ वाकली, डोळे गेले, तेव्हा विरशाची भाषा करणारे कुठे होते? आज त्याच वळणाचे अक्षर चौकटीत टांगून आम्ही छाती फुगवतो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून जुन्या वह्यांची कोरी पाने काढून जुजबंदीच्या वह्या शिवून घ्यायला लागलो, तर संस्थेतले एक बुजुर्ग म्हणाले, 'शरीफ घरच्या मुलांच्या हातात सुई-दोरा कशाला?' ज्या डॉ. झाकिर हुसेन यांची तसबीर आमच्या शाळाशाळांतून लागते, तेच १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते. हाताचे काम हाच शिक्षणाचा गाभा, हे त्या समितीने सांगितले. आम्ही तसबिरीला हार घातला, अहवाल कपाटात ठेवला.

दुसरी तक्रार मात्र आमच्या काळजाला लागली. एक वालिद आले आणि म्हणाले, 'सर, हमारे अब्बा बायंडिंग में खप गए, हम भी खप गए. अब बच्चे को भी यही सिखाओगे?' त्यांचा राग खरा आहे. पण हुनर हाती होते म्हणून ते खपले नाहीत. हुनराचे मोल आम्ही कवडीचे केले, म्हणून खपले. त्यांच्या मुलाने वकील व्हावे, डॉक्टर व्हावे. आणि वकिलाच्या मुलाने एकदा तरी जुज शिवून पाहावा, म्हणजे बायंडिंगवाल्याशी घासाघीस करताना त्याची जीभ अडखळेल. जाताना त्या वालिदांनी मुलाची वही उघडून पाहिली. 'दोरे को मोम लगाने को बोलो,' एवढेच बोलले. बी.एड.च्या कुठल्याही पुस्तकाने आम्हांला हे सांगितले नव्हते.

हे सारे आम्ही मुद्दाम मराठीत लिहीत आहोत. कागद, शाई, दौत, कलम, जुजबंदी हे शब्द मराठीने फारसी-अरबीतून घेतले आणि आपले केले. शब्द घरात आले, ते वापरणारे हात मात्र दाराबाहेर राहिले. हा हिशेब दोन्ही भाषांना चुकता करायचा आहे.

आमची मागणी साधी आहे. शाळांनी जिल्दसाजाला उस्ताद म्हणून बोलवावे, मानधन द्यावे, मास्तरांच्या शेजारी खुर्ची द्यावी. पुढच्या जलशात मंचावर खुशनवीसाबरोबर तोही बसावा. ते होणार नसेल, तर टाळ्या वाजवायला आम्हांला बोलावू नका.