कामाची खरी कहाणी



सुरतेच्या लिंबायत व उधना भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. त्यांतील कितीतरी कर्ते पुरुष यंत्रमागावर १२ तासांची पाळी करतात. घरी "काम कसे झाले?" असे विचारले की उत्तर ठरलेले : "बरे झाले."

असेच एक गृहस्थ आम्हांस भेटले. मागांच्या अखंड खडखडाटाने त्यांस कमी ऐकू येऊ लागले होते. पत्नीस वाटे, हे आपल्याकडे लक्ष देत नाहीत. मुलांस वाटे, बाबा रागावले आहेत. शेठ कामावरून काढतील या भीतीने त्यांनी मुकादमालाही काही सांगितले नव्हते आणि घरीही नाही.

संत योसेफांचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही, हे खरे. परंतु त्यांचे मौन श्रद्धेचे होते, भीतीचे नव्हे. निर्गमाचा ५ वा अध्याय वाचून पाहावा. पेंढा न देता विटा मागतात, हे इस्राएलाच्या नायकांनी प्रत्यक्ष फारोस सांगितले. फारोने त्यांस आळशी ठरविले. देवाने मात्र त्या मजुरांचा आक्रोश ऐकला.

मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या गिरणगावातील माणसांच्या आठवणी मीना मेनन व नीरा आडारकर यांनी त्यांच्याच तोंडून ऐकून २००४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. गिरण्या गेल्या, पण कामगारांचा शब्द राहिला.

कामाची कहाणी सांगताना तिखटमीठ लावू नये. तुटलेला धागा क्षणात सांधण्याचे कसब सांगावे, झालेली चूक सांगावी, आणि दुखणेही सांगावे. मालकबंधूंस आमची विनंती अशी की, खरे बोलणाऱ्याची रोजी जाणार नाही, असा विश्वास प्रथम द्यावा. केवळ स्तुती वदवून घेतल्याने जाहिरात मिळते, सत्य मिळत नाही.

त्या गृहस्थांनी अखेर घरी सर्व सांगितले. कान पूर्ववत झाले नाहीत. परंतु पत्नी आता समोर बसून सावकाश बोलते, आणि घरातील गैरसमज मिटला आहे.

१ मे हा श्रमिक संत योसेफांचा सण पोप बारावे पायस यांनी १९५५ साली स्थापन केला. त्या सणाची वाट न पाहता आज रात्री रोझरीनंतर घरच्या कमावत्या माणसास विचारा, "आज काम कसे झाले?" आणि "बरे झाले" एवढ्यावर उठू नका.