‘फुकटचं काम’ म्हणण्याआधी हिशेब तरी बघा



इथे बहुतेक जण जुन्या बडोद्याच्या आठवणी लिहितात. दांडिया बाजारातले वाडे, मांडवीची गर्दी, न्यायमंदिर, सुरसागरातलं विसर्जन. मीही लिहिल्या आहेत. आज मात्र आठवण कमी आणि मत जास्त आहे, तेव्हा सांभाळून घ्या. विषय आहे आपल्या घरातली सॉफ्टवेअरवाली मुलं, आणि नोकरीचं काम आटोपल्यावर ती जे काम करतात ते.

आमचा मुलगा बेचाळीस वर्षांचा. कंपनी पुण्याची, काम घरून. सकाळी नातवाला शाळेच्या बसवर सोडतो, येताना दूध आणतो, अकरा ते आठ मधल्या खोलीत दार लावून मीटिंगा. सूनबाई सीए आहेत, मार्च आणि सप्टेंबरमध्ये त्यांचं दर्शन दुर्लभ. रात्री जेवणं झाली, नातवाचा गृहपाठ झाला की साडेनऊ ते अकरा हा परत कॉम्प्युटरवर. हे दीड तास कंपनीचे नाहीत, त्याचे पैसेही नाहीत. जगात कुठे कुठे बसलेल्या तिघाजणांबरोबर, ज्यांना तो कधी प्रत्यक्ष भेटलेला नाही, तो एक छोटा प्रोग्राम सांभाळतो. कोणीही घ्यावा, वापरावा, आतलं लिखाण उघडून बघावं, सुधारावं असा. यालाच ओपन सोर्स म्हणतात.

मागे एका लग्नात एक नातेवाईक भेटले. त्यांनी विचारलं, “याचे किती देतात?” काही नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग कशाला डोळे फोडून घेतो? तेवढ्या वेळात दोन पैसे जास्त मिळवेल.” मी काही बोलायच्या आतच आमच्या सौ. म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांनी तीस वर्षं गणपतीच्या वर्गणीचा हिशेब लिहिला. त्याचे किती मिळाले ते विचारा ना!” भाऊजी जिलेबी घ्यायला निघून गेले.

हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो, म्हणून माझं मत मांडतो. हे काम फुकटचं नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी वाचनालयं, नाट्यमंडळं, गणेशोत्सव ज्या भावनेने चालवले तीच ही जात आहे. आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे.

आधी तो प्रोग्राम काय करतो ते सांगतो. मी कॉमर्सचा माणूस, पण समजून घेतलं आहे.

युनिकोड येण्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, आपल्याकडे मराठी डीटीपी जुन्या फाँटांत होत असे. त्यात युक्ती अशी होती की कॉम्प्युटरला इंग्रजी अक्षरंच दिली जात, फक्त त्या अक्षरांवर मराठीचं चित्र चिकटवलेलं असे. पडद्यावर ‘क’ दिसला तरी फाइलमध्ये इंग्रजीचंच काही चिन्ह. फाँट आहे तोवर मराठी दिसतं. फाँट गेला की उरतात नुसती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस.

युनिकोडने यावर उपाय काढला तो कुठल्याही बँकवाल्याला चटकन कळेल. प्रत्येक अक्षराला कायमचा खाते क्रमांक. ‘क’चा क्रमांक २३२५, आपल्या ‘ळ’चा २३५५. फाँट बदला, कंपनी बदला, देश बदला, खाते क्रमांक तोच. ‘ॲ’सारख्या आपल्याला रोज लागणाऱ्या अक्षराला मात्र २००८ साली स्वतःचा क्रमांक मिळाला. अशी अक्षरं आपोआप येत नाहीत. कोणीतरी बसून कागद तयार करतं, पुरावे देतं, पाठपुरावा करतं.

आता जुन्या फाइलीतून नव्यात जायचं तर नुसती अदलाबदल करून भागत नाही. जुन्या फाँटात ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी टाइप व्हायची, मग क. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. रफाराचं उलट. ‘सूर्य’मधला रफार डोळ्यांना शेवटी दिसतो, पण उच्चारात य च्या आधी येतो, म्हणून साठवायचाही आधी. शिवाय ‘वाऱ्या’तला आपला अर्धा र वेगळाच, हिंदीवाल्यांना तो लागतच नाही. त्यात प्रत्येक जुन्या फाँटाचं कोष्टक निराळं. हे सगळं सांभाळून जुनं मराठी नव्यात आणणारा प्रोग्राम हे चौघं लिहितात. यातून कोणाला मोठा नफा होणार नाही, म्हणून मोठी कंपनी याच्या वाटेला फारशी जात नाही.

याचा आपल्याशी संबंध काय? आमच्या मंडळाच्या १९९४ ते २००७ च्या अकरा स्मरणिका. छापील प्रती बऱ्याच गहाळ, काही वाळवीने खाल्लेल्या. फाइली मात्र दोन सीड्यांवर सापडल्या. डीटीपीचं दुकान कधीच बंद झालेलं. फाइल उघडली तर पानभर गिचमीड. त्या गिचमिडीत आपल्या आयाआज्यांचे लेख होते. कोणी लग्न होऊन कोकणातून बडोद्याला आल्यावर पहिल्यांदा गुजराती कशी शिकले ते लिहिलं होतं, कोणी गायकवाडी शाळेतले मास्तर. लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण आता नाहीत. आतापर्यंत चार अंकांचा मजकूर वाचता येईल असा निघाला आहे. आमच्या एका सभासदाला त्याच्या आईचा १९९८ चा लेख फोनवर पाठवला. सत्तरीचा माणूस, त्याने उत्तरात एवढंच लिहिलं, “आई ‘बशी’ला ‘रकाबी’च म्हणायची, विसरलो होतो.” याची किंमत कुठल्या खात्यात धरायची, ते त्या लग्नातल्या भाऊजींनी सांगावं.

आता ‘फुकट’ या शब्दाबद्दल. इंग्रजीत ‘फ्री’ म्हणजे फुकट आणि ‘फ्री’ म्हणजे मुक्त, दोन्ही एकच, म्हणून तिकडे घोळ होतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, गुजरातीतही ‘मफत’ वेगळं आणि ‘मुक्त’ वेगळं. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला तो मुक्ततेसाठी. त्याच्या परवान्याची अट साधी आहे. घ्या, वाचा, बदला, पैसे घेऊन विकलंत तरी चालेल, पण तुम्हाला मिळालेला हक्क पुढच्यालाही द्या. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केलं, तेव्हा हा आपला छंद आहे असंच तो म्हणाला होता. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तेच लिनक्स आहे.

आतलं लिखाण उघडं असण्याचं महत्त्व मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीनं आली. त्याआधी व्याजात फरक आला तर आम्ही चोपडा उघडून, ओळीवर बोट ठेवून चूक काढत असू. मशीन आल्यावर आत काय लिहिलंय ते दिसेना. फरक आला की पुरवठादाराचा माणूस येईपर्यंत थांबा. ग्राहक काउंटरवर उभा, आणि आपल्याच शाखेचा हिशेब आपल्याला वाचता येत नाही! जे पुस्तक उघडता येत नाही त्यावर सही करायला मला तेव्हाही आवडत नसे.

आता दुसरी बाजू. नाहीतर म्हणाल, मुलाचं कौतुक करायला बसले.

पहिला आक्षेप असा की मुलं राबतात आणि मोठ्या कंपन्या कमावतात. हे खरं आहे. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या प्रोग्राममध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची मोठी चूक सापडली. जगभरच्या वेबसाइटींचं कुलूप म्हणावं असा हा प्रोग्राम, आणि त्याला वर्षाला देणग्या मिळत होत्या सुमारे दोन हजार डॉलर. पूर्णवेळ माणूस जेमतेम एक. कुलूप सगळ्यांचं, कुलूपवाल्याचा विचार कोणाचाच नाही.

दुसरं उदाहरण अधिक बोलकं आहे. फाइली आवळून लहान करणारा एक्सझेड नावाचा प्रोग्राम एकच माणूस वर्षानुवर्षं सांभाळत होता. तब्येत बरी नाही, हे बिनपगारी काम आहे, असं त्याने लिहिलंही होतं. लोक मात्र घाई करत होते. तेवढ्यात एक मदतनीस पुढे आला, दोन वर्षांहून जास्त काळ गोड वागून विश्वास मिळवला, अधिकार मिळवले आणि आत चोरदार बसवलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं की लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो मागे लागला म्हणून चोरी पकडली गेली. अर्ध्या सेकंदाचा फरक! आमच्या वेळचे पाच पैशांच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत बसणारे हेडकॅशियर आठवले.

यात दोन धडे आहेत आणि दोन्ही बँकेत जुने आहेत. तिजोरीच्या चाव्या कधी एकाकडे नसतात, दोघांकडे असतात. आणि जबाबदारीच्या जागेवरच्या माणसाला सक्तीची रजा दिली जाते, तो दमू नये म्हणून आणि त्याच्या मागे दुसऱ्याने टेबल बघावं म्हणूनही. मुक्त काम म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं काम नव्हे. उघड्या चोपड्यालासुद्धा कोणीतरी तपासणारा लागतो.

म्हणून घरातली तक्रारही मी उडवून लावत नाही. सूनबाईंचं म्हणणं आहे की समाजकार्य कितीही चांगलं असो, पोराची पालकसभा चुकता कामा नये. अगदी बरोबर. आमच्या घरी आता ठरलं आहे की आठवड्यातून चार रात्री ते काम, रविवारी लॅपटॉप बंद, आणि मे महिन्यात पंधरा दिवस चाव्या दुसऱ्या सोबत्याकडे. रविवारी सकाळी बापलेक सेव-उसळ खायला जातात. हे ठरल्यापासून कामही अडलं नाही आणि घरही.

आपण, म्हणजे मंडळांनी आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी, काय करावं? इथे मला आपल्याच गावाचं उदाहरण पुरेसं आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून बडोदे राज्यात मोफत वाचनालयांची चळवळ उभी केली. पेट्यांतून पुस्तकं खेड्यापाड्यांत फिरत. पण नियम असा होता की गावाने स्वतः काही रक्कम जमवायची, मग तेवढीच प्रांताकडून आणि तेवढीच राज्याकडून. वाचणाऱ्याला मोफत, पण चालवण्याचा भार तिघांवर. मुक्त गोष्ट टिकवायची ती अशी.

त्या हिशेबाने माझ्या सूचना अशा.

एक, मंडळाच्या जुन्या सीड्या, फ्लॉप्या भंगारात देऊ नका. जुन्या कॉम्प्युटरवर फाँट असतील तर तेही फाइलींसोबत जपून ठेवा, फाँटाचं नाव कळलं की निम्मं काम होतं.

दोन, यापुढे सभासदयादी, इतिवृत्त, स्मरणिका, सगळं युनिकोडमध्येच. छापखान्याकडून नुसती पीडीएफ नको, मूळ मजकूरही मागून घ्या.

तीन, मंडळाच्या अंदाजपत्रकात मंडप, ढोलताशा, अल्पोपाहार असतो. त्यात एक ओळ या कामासाठीही घाला. रक्कम लहान असली तरी चालेल. ओळ असली की काम कोणाचं तरी होतं.

चार, आपण निवृत्त मंडळींनी प्रुफं तपासावीत. प्रोग्रामने काढलेल्या मजकुरात दर पानाला दोनचार चुका राहतातच, आणि ‘रकाबी’ हा शब्द बरोबर आहे की चूक, हे पुण्यातल्या मुलाला कळणार नाही, तुम्हाला कळेल. माझ्याकडे सध्या २००१ चा अंक आहे. रोज तीन पानं होतात.

पाच, पोराला “किती मिळतात?” ऐवजी “काय अडलंय?” असं विचारा.

गुजरातेत राहून पाचव्या पिढीत मराठी टिकली ती सरकारी हुकमाने नाही. कोणीतरी संध्याकाळी दिवा लावून वाचनालय उघडलं, कोणीतरी नाटकाच्या तालमीला जागा दिली. आता ती जागा पडद्यावर आली आहे, एवढाच फरक. आमच्या नातवाच्या शाळेत मराठी नाही. तो मराठी वाचेल ती फोनवर, आणि फोनवर जे आहे तेवढीच. तिथे काय असावं हे ठरवणारी माणसं कुठल्या तरी मधल्या खोलीत, रात्री साडेनऊनंतर बसलेली आहेत.

ज्यांच्या घरी २००७ पर्यंतच्या मंडळाच्या स्मरणिका, सीड्या किंवा नुसती फाटकी पानं असतील त्यांनी खाली लिहावं. १९९६ चा अंक आम्हाला अजून मिळालेला नाही.