कोळपे कुणाच्या मालकीचे?



रोबो म्हटले की आपल्या माणसाला हसू येते. रात्री-अपरात्री मोटर चालू करायला जावे लागते, कापूस घरात पडून राहतो, आणि ही मंडळी यंत्रमानवाच्या गोष्टी करतात! हसून घ्या. पण विषय निंदणीचा आहे, आणि निंदणीच्या खर्चावर हसणारा कोरडवाहू शेतकरी आम्ही अजून पाहिलेला नाही.

जगभर काही हौशी माणसे सुट्टीच्या दिवशी बसून यंत्रे जुळवतात. कुणी इंजिनिअर, कुणी मास्तर, कुणी कॉलेजची पोरे. यंत्र जमले की त्याचा नकाशा, सुट्या भागांची यादी, संगणकाचा प्रोग्राम सगळा उघड्यावर मांडतात. ज्याला हवा त्याने घ्यावा, सुधारावा आणि पुन्हा सगळ्यांना द्यावा. याला ते ओपन सोर्स म्हणतात. बियाण्याची ओंजळ शेजाऱ्याला देणाऱ्याला यात नवल वाटू नये.

सिडनी विद्यापीठातल्या गाय कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली असे एक तण शोधणारे यंत्र जाहीर केले. पत्त्यांच्या कॅटाएवढा स्वस्त संगणक, एक कॅमेरा आणि फवाऱ्याच्या झडपा. खाली हिरवे दिसले की तेवढीच झडप उघडते, औषध तेवढ्याच तणावर पडते. पण ही पहिली तऱ्हा पड जमिनीची. तिथे हिरवे ते तण, इतका सोपा हिशेब. उभ्या कपाशीत पीकही हिरवे आणि केनाही हिरवा. तिथे यंत्राला हजारो फोटो दाखवून शिकवावे लागते, आणि त्यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या फोटोंवर शिकलेल्या यंत्राला आमचा कुंदा ओळखता येईलच असे नाही. म्हणजे ज्याचे फोटो, त्याचे यंत्र. सगळी मेख इथे आहे.

आणि ज्वारीतला टारफुला? तो मुळाला चिकटून जमिनीखालीच रस ओढतो. वर कोंब दिसेपर्यंत निम्मे नुकसान झालेले असते. कॅमेरा तिथे आंधळाच. फेरपालट आणि टारफुल्याला दाद न देणारे वाण यांना पर्याय नाही. अमेरिकेतला फार्मबॉट नावाचा खुला रोबो तर दीड मीटर बाय तीन मीटरच्या वाफ्यावर फिरतो. परसात मेथी लावणाऱ्यांना तो लखलाभ.

आपल्याकडे हे जमते का? पाबळ पाहा. शिरूर तालुक्यातले हे दुष्काळी गाव. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या पोरांच्या हाती वेल्डिंग आणि सुतारकाम दिले. २००२ साली अमेरिकेच्या एमआयटीतले नील गर्शेनफेल्ड यांच्या साथीने तिथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. मुंबईच्या मेकर्स असायलममधल्या हौशी पोरांनी २०२० च्या टाळेबंदीत तोंडावर लावायच्या पारदर्शक ढालीचा नकाशा खुला केला. ४२ शहरांतल्या हातांनी ४९ दिवसांत १० लाख ढाली केल्या. आयआयटी मुंबईचा ई-यंत्र प्रकल्प कॉलेजच्या पोरांना रोबो शिकवतो, स्पर्धांत शेतीचे विषयही देतो. पण स्पर्धेचे शेत सपाट फळीवरचे. तिथे ढेकूळ नाही, भेग नाही. ती फळी सोडून पोरांनी बांधावर यावे.

आम्ही हे सापगावात बसून लिहितो. इथे भातसेच्या काठी खाचरांत गुडघाभर चिखल. तुमच्या भारी काळ्या रानात चालेल ते चाक इथे रुतेल, इथले तिथे घसरेल. बंद डब्यातले यंत्र घेतले तर चाक बदलायलाही कंपनीला विचारावे लागेल. ही भीती आमच्या मनातली नाही. ट्रॅक्टर दुरुस्तीचे सॉफ्टवेअर शेतकऱ्याला पूर्ण मिळू देत नाही, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीवर खटला भरला. बडा शेतकरी तिथे अडकला, तर पाच एकरवाल्याची काय कथा.

मात्र खुले म्हणजे बेवारस नव्हे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी एचएमटी भात निवडला आणि मागेल त्याला दिला. भात पोचला दूरदूर, दादाजी २०१८ साली गेले ते गरिबीतच. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी यावर एक तोड काढली आहे. फुकट घ्या, पण त्यावरून जे कराल तेही खुलेच ठेवा, अशी अट लेखी घालतात. आपल्या फोटोंवर हीच अट हवी.

एक प्रश्न मायबहिणी विचारतील, आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे: खुरप्याची मजुरी गेली तर चूल कशावर पेटायची? हौशी मंडळींकडे याचे उत्तर नाही, आमच्याकडेही तयार नाही. यंत्र गावातल्या बायकांच्या गटाच्या मालकीचे आणि भाड्याने चालणारे असावे, इथून बोलणे सुरू करू. कंपनीच्या यंत्रात हे बोलायलाही जागा नसेल.

येत्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने एक शेत ठरवून यावे. पेरणीनंतर पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी तणांचे फोटो मोबाईलवर काढायचे. गाव, जमीन, पिकाचे वय आणि तणाचे तुमच्याकडचे नाव सोबत लिहायचे. ही वही आणि फोटो जिल्ह्याच्या कचेरीत राहतील, अटीशिवाय कुणाला मिळणार नाहीत. मोटर भरणारा, वेल्डिंग करणारा एखादा पोरगा गावात असेल तर त्याला सोबत आणा. पाबळला जाऊन यायचा बेत त्याच्याशीच बोलायचा आहे.