काशीला उतरलो, सारनाथला राहिलो



गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब बनारसला जाऊन आलो. आम्ही दोघे, दोन मुले आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंनी मुंबईत महानगरपालिकेच्या सफाई खात्यात उभे आयुष्य घातले. तथागतांनी पहिले प्रवचन जिथे दिले ती भूमी एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढीच त्यांची इच्छा. पेन्शनमधून त्यांनी पैसे बाजूला टाकले, आम्ही भर घातली आणि महानगरी एक्स्प्रेसची तिकिटे काढली.

शहरातल्या एका लॉजमध्ये फोनवर खोली सांगून ठेवली होती. मॅनेजरने रजिस्टरात नाव-गाव लिहिले, आडनावाशी थांबला आणि विचारले, "कौन बिरादरी?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. सासूबाई पुढे झाल्या. "बौद्ध. बाबासाहेबांचे लोक." त्याने रजिस्टर मिटले आणि खोली रिकामी नसल्याचे सांगितले. खरेच नसेलही, असे आमचे हे म्हणाले. पण पोरगी दहावीत आहे, तिला सगळे कळले. ती हळूच म्हणाली, "आजी, नुसतं मुंबईचे म्हटलं असतं तर?" सासूबाई म्हणाल्या, "मग खोली मिळाली असती, पण रात्रभर झोप लागली नसती."

सामान उचलले आणि बाहेर आलो. ई-रिक्षावाल्याने काही एक न विचारता दहा किलोमीटरवरच्या सारनाथला आणून सोडले, सासूबाईंना हात धरून उतरवलेही. एकाच शहरात दोन माणसे, दोन तऱ्हा. तिथे एका विहाराच्या अतिथिगृहात साधी, स्वच्छ खोली मिळाली. गरम पाण्याची बादलीही मिळाली.

सकाळी धुक्यात धमेख स्तूप दिसला. पायासह सुमारे ४३ मीटर उंच आणि २८ मीटर व्यासाचा. बुद्धगयेपासून सुमारे २५० किलोमीटर पायी चालत येऊन तथागतांनी पाच जुन्या सोबत्यांना इथे धम्म सांगितला. पूर्वी त्यांना सोडून गेलेले हे सोबती. त्यांनाच आधी शोधले, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगितले.

जवळच धर्मराजिका स्तूपाचा नुसता गोल पाया उरला आहे. १७९४ साली जगतसिंग यांच्या माणसांनी बांधकामासाठी त्याच्या विटा काढून नेल्या. आत अस्थींचा करंडक सापडला आणि त्या अस्थी गंगेत सोडल्या गेल्या. बनारसचे तेव्हाचे इंग्रज रेसिडेंट जोनाथन डंकन यांनी हे नोंदवून ठेवले. हेच डंकन पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. हे ऐकून सासूबाई बराच वेळ त्या पायाशी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "विटा नेल्या, हाडं पाण्यात गेली. तरी आपण इथवर आलोच ना?"

अशोकस्तंभाचा बुंधा जागेवरच आहे, सिंहशीर्ष संग्रहालयात. १९०४-०५ च्या उत्खननात ते सापडले आणि २६ जानेवारी १९५० पासून राष्ट्राची मुद्रा झाले. धाकट्याने खिशातले नाणे काढून समोर धरले. नाण्यावर तीनच सिंह दिसतात, चौथा पाठीमागे असतो, हे त्याला तिथे फिरून पाहिल्यावर उमगले. १९३१ साली अनागारिक धर्मपालांच्या महाबोधी सोसायटीने उभारलेल्या मूलगंधकुटी विहारात जपानी चित्रकार कोसेत्सु नोसु यांनी रंगवलेले बुद्धचरित्र आहे. सासूबाईंना वाचता येत नाही, पण भिंतीवरची ती चित्रे त्यांनी नातवंडांना ओळीने समजावून सांगितली. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूची बौद्ध परिषद आटोपून बाबासाहेबही सारनाथला आले होते. महापरिनिर्वाणाला तेव्हा दोन आठवडेही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी शहर पाहिले. नावेतून घाट पाहत मणिकर्णिकेला आलो. नावाड्याने पितरांसाठी काही करायचे का विचारले. आम्ही नको म्हटले, त्यानेही आग्रह केला नाही. सगळे चितांकडे पाहत होते. सासूबाई लाकडे रचणाऱ्या, राख ओढणाऱ्या हातांकडे पाहत होत्या. हे काम पिढ्यान्‌पिढ्या डोम समाजाच्या गळ्यात आहे. उतरल्यावर त्यांनी तिथल्या एका म्हाताऱ्याला मोडक्या हिंदीत विचारले, "मुलं शाळेत जातात का?" एक नात जाते, असे तो म्हणाला. सासूबाईंनी त्याला हात जोडले. त्या घाटावर त्याला कोणी हात जोडलेले आम्हाला तरी दिसले नव्हते.

बनारस म्हणजे नुसते घाट नव्हेत. इथेच कबीरांनी माग चालवला. सीर गोवर्धनपूरला संत रविदासांचे जन्मस्थान आहे. १९६५ साली पायाभरणी झालेल्या तिथल्या मंदिरात माघी पौर्णिमेला पंजाबातून लोक लोटतात. चप्पल शिवणारा आणि कापड विणणारा, दोघांनी याच शहरात राहून जन्माच्या उच्चनीचतेला प्रश्न विचारले. मुलांना हे बनारस दाखवलेच पाहिजे.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, बेत त्याप्रमाणे आखा. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक आणि धुके दाट असते. गरम कपडे घ्या, परतीच्या गाडीला उशीर होईल हे धरून चाला.

तिसरी गोष्ट सामानाची नाही. परगावी कोणी आडनावावरून चौकशी केली तर काय उत्तर द्यायचे, हे घरातच मुलांशी बोलून ठेवा. आमच्या पोरीने परतताना गाडीत ते ठरवून टाकले. समोरच्या बाईंनी "कुठून आलात?" असे विचारले, तेव्हा ती आजीच्या आधी म्हणाली, "सारनाथहून. आम्ही बौद्ध आहोत." बाईंनी जागा सरकवून डब्यातली पुरी पुढे केली.