खरेदीपूर्वीची तुलना : अमेरिकेतील चार मालमोटारींच्या निमित्ताने

वस्तू विकत घेणे हा केवळ व्यवहार आहे. परंतु दोन तुल्यबळ वस्तूंतून एकीची निवड करणे ही बुद्धीची परीक्षा आहे. एक वस्तू उघड चांगली आणि दुसरी उघड वाईट असेल, तर तेथे निवडीला वावच उरत नाही. प्रश्न कठीण होतो तो दोन्ही चांगल्या असतात, दोन्हींची स्तुती करणारे तितक्याच तळमळीने बोलतात आणि दोन्हींची किंमत खिसा रिकामा करणारी असते तेव्हा. अशी निवड कशी करावी, याचा विचार आपल्या शालेय शिक्षणात फारसा होत नाही. तो व्हावा अशी माझी धारणा आहे, आणि त्यासाठी मी एक दूरचे उदाहरण घेणार आहे : अमेरिकेतील पूर्ण आकाराच्या पिकअप मालमोटारींचे.

गोव्यात आपण ज्याला पिकअप म्हणतो, ते मासळीच्या टोपल्या, नारळ किंवा चिरे वाहून नेणारे लहानखुरे वाहन होय. अमेरिकेतील पूर्ण आकाराची पिकअप ही निराळीच जात. चार दारांच्या सर्वसाधारण प्रकाराची लांबी सुमारे सहा मीटर आणि रुंदी दोन मीटरांहून अधिक. आपल्या वाड्यावरच्या दोन गडग्यांमधल्या वाटेत ती शिरली, तर तिला वळणे मुश्कील. तेथे मात्र ती शेतकऱ्याचे अवजार, गवंड्याची हातगाडी आणि कुटुंबाची मोटार अशा तिन्ही भूमिका पार पाडते. फोर्डची एफ मालिका १९४८ पासून चालत आली आहे आणि १९७७ पासून ती अमेरिकेत सर्वाधिक खपाची मालमोटार ठरली आहे. शेव्हरोले १९१८ पासून मालमोटारी बांधते; तिची आजची सिल्व्हराडो ही फोर्डच्या एफ-१५० ची जुनी प्रतिस्पर्धी. डॉजने १९८१ मध्ये रॅम हे नाव आणले आणि २००९ मध्ये रॅम ही स्वतंत्र मुद्रा झाली. १९९९ मध्ये जपानच्या टोयोटाची टुंड्रा या रिंगणात उतरली.

अमेरिकेबाहेरचे स्पर्धक इतके थोडे का, याचेही एक मौजेचे कारण आहे. युरोपीय देशांनी अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसवली, म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये प्रत्युत्तरादाखल परदेशी हलक्या मालमोटारींवर २५ टक्के जकात लादली. कोंबड्यांचा वाद कधीच थंडावला, जकात मात्र टिकून राहिली. टुंड्रा ही आज टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे बांधली जाते, यामागे या जकातीचाही हात आहे. तात्पर्य, ग्राहकापुढे जी निवड मांडलेली असते, तीसुद्धा आधी कोणीतरी निवडलेली असते.

आता या चौघींत श्रेष्ठ कोणती? या प्रश्नावरून तेथे घराघरांत वाद होतात. आजोबांची फोर्ड, वडिलांची फोर्ड, म्हणून मुलाचीही फोर्डच. शेजारी शेव्हरोलेचा भक्त, म्हणून त्याच्याशी वाद. आपल्याकडील ‘बाजारात तुरी’ ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. अशा निष्ठेत गोडवा असेल, पण ती तुलना नव्हे. नाव मोठे म्हणून वस्तू निर्दोष, असे गृहीत धरणाऱ्यांनी अलीकडील दोन घटना ध्यानात घ्याव्यात. टिकाऊपणाबद्दल जिचा लौकिक, त्या टोयोटाने २०२४ मध्ये एंजिनात राहून गेलेल्या यंत्रकामाच्या कचऱ्यापायी टुंड्रासह एक लाखाच्या आसपास वाहने परत बोलावली. आणि २०२५ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या ६.२ लिटरच्या आठ सिलिंडरी एंजिनातील दोषासाठी एकट्या अमेरिकेतून सुमारे सहा लाख वाहने बोलावली. यावरून या कंपन्या वाईट ठरत नाहीत. लौकिक हा भूतकाळाचा दाखला असतो, आणि आपण विकत घेतो ती यंदाची वस्तू, इतकेच यावरून समजावे.

नावावर न भाळणारे दुसरे लोक आकड्यांची पूजा करतात. ‘ही ११ हजार पौंडांचा ट्रेलर ओढते, ती १३ हजारांचा; तेव्हा ती श्रेष्ठ!’ आकडा आला की विचार संपला, असे त्यांना वाटते. वस्तुतः विचार तेथे सुरू व्हावयास हवा. हा आकडा कोणी काढला? कोणत्या रीतीने? जाहिरातीतील सर्वांत मोठा आकडा हा बहुधा एका विशिष्ट एंजिनाच्या, विशिष्ट आसाच्या आणि विशिष्ट केबिनच्या एकाच प्रकाराचा असतो. दुकानात उभी असलेली गाडी तीच असेल असे नाही.

शिवाय पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने ठरवीत असे. मोटार-अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेने २००८ मध्ये सर्वांसाठी एकच कसोटी तयार केली. तिच्यातील एक परीक्षा ॲरिझोनातील डेव्हिस धरणापाशी सुरू होणाऱ्या सुमारे १८ किलोमीटरांच्या चढणीवर बेतलेली आहे : हवेचे तापमान निदान ३८ अंश सेल्सियस, वातानुकूलन यंत्र पूर्ण चालू, मागे भरलेला ट्रेलर, आणि वेग ताशी ६४ किलोमीटरांच्या खाली येता कामा नये. ही कसोटी प्रथम स्वीकारली ती टोयोटाने, २०११ च्या टुंड्रासाठी. परिणाम असा झाला की तिच्या क्षमतेचे आकडे शेकडो पौंडांनी खाली आले. गाडी तीच होती, बळ तेच होते. बदलला होता केवळ मोजण्याचा प्रामाणिकपणा. इतर तिघी या कसोटीवर आल्या त्या २०१५ च्या सुमारास. मधल्या वर्षांत ज्याने केवळ आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले, त्याला कसोटीला उतरलेली गाडीच दुबळी दिसली असणार!

माझा मुख्य मुद्दा येथेच आहे. आंधळी तुलना केवळ ग्राहकाला फसवीत नाही, ती विक्रेत्यालाही बिघडवते. ग्राहक फुगलेल्या आकड्याला भुलत असेल, तर खरे बोलणाऱ्याचे नुकसान होते आणि फुगवणाऱ्याचा लाभ होतो. बाजारातील सचोटी ही केवळ विक्रेत्याची जबाबदारी नव्हे. ती विचारपूर्वक खरेदी करणाऱ्यांच्या बळावर टिकते.

म्हापशाच्या बाजारात माझी आई मासळी घेताना खवल्यांच्या चकाकीकडे पाहत नसे; ती बोटाने कल्ला उचलून आतला रंग पाही. या मालमोटारींचा ‘कल्ला’ कोठे असतो? तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर डकवलेल्या लहानशा पट्टीवर असतो. माणसे आणि सामान मिळून या गाडीवर एकंदर किती भार चालेल, हे तेथे त्या एका गाडीपुरते छापलेले असते. जाहिरातीत हा आकडा क्वचितच मिरवला जातो.

एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, पट्टीवर १,५०० पौंड लिहिले आहेत आणि जाहिरात सांगते की ही गाडी ११ हजार पौंडांचा ट्रेलर ओढील. ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार जोडकडीवर, म्हणजे पर्यायाने गाडीच्या पाठीवर येतो. अगदी १० टक्के धरले तरी तो १,१०० पौंड होतो. उरले ४०० पौंड. त्यात चालक आणि एक सोबती बसला की हौद्यात फारसे काही ठेवता येणार नाही. मुलेबाळे तर घरीच राहतील! उलट, ट्रेलर ७ हजार पौंडांचाच असेल आणि जोडकडीवरचा भार १२ टक्के धरला, तर तो होतो ८४० पौंड. उरलेल्या ६६० पौंडांत चार माणसांचे ६०० पौंड वजा जाता ६० पौंड शिल्लक राहतात. एवढ्यात एक-दोन पेट्या आणि जेवणाचा डबा. इयत्ता पाचवीचे हे गणित. परंतु ते न मांडता हजारो डॉलरांचा सौदा करणारे सुशिक्षित लोक थोडे नाहीत.

आकड्यांनंतर येतात प्रात्यक्षिके. २०१५ च्या एफ-१५० मध्ये फोर्डने पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे अंग वापरले आणि गाडीचे वजन ७०० पौंडांपर्यंत घटवले. २०१६ मध्ये शेव्हरोलेने जाहिरात काढली : दोन्ही गाड्यांच्या हौद्यांत वरून काँक्रीटचे ठोकळे लोटले, फोर्डच्या ॲल्युमिनियमला भोके पडली, आपल्या पोलादाला केवळ पोचे आले. प्रयोग खोटा नव्हता. मात्र प्रश्न विक्रेत्याने निवडलेला होता. हौद्यात उंचावरून ठोकळे टाकण्याचे काम करणारे किती, आणि हलक्या अंगामुळे अधिक भार वाहण्याची सोय ज्यांना हवी ते किती? पोलाद गंजते, ॲल्युमिनियमची दुरुस्ती सर्वत्र सहज होत नाही; टुंड्राने २०२२ पासून हौद्यासाठी तिसराच मार्ग, संमिश्र द्रव्याचा, धरला आहे. प्रत्येकाचा काही लाभ, काही तोटा. जो गुण तुमच्या कामाचा नाही, तो कितीही खरा असला तरी तुमच्या हिशेबात शून्यच.

हाच न्याय इतर बाबतींतही लागतो. रॅमने २००९ च्या मालिकेपासून मागील चाकांवर पाट्यांऐवजी मळसूत्री स्प्रिंगा बसवल्या, त्यामुळे रिकाम्या गाडीचा प्रवास सुखाचा झाला. टुंड्रानेही २०२२ मध्ये तोच मार्ग पत्करला. फोर्ड आणि शेव्हरोले पाट्यांवरच विसंबून आहेत. ज्याची गाडी बहुतेक दिवस रिकामी धावते, त्याने स्प्रिंगांचा विचार अवश्य करावा. परंतु ज्याला आठ फुटी हौदा हवा, त्याला आजच्या रॅम १५०० मध्ये तो मिळत नाही. उरलेल्या तिघींत मिळतो. आठ फूट लांब नि चार फूट रुंद प्लायवूडचा तक्ता आडवा ठेवून हौद्याचे फाटक लावणे, ही सुताराची रोजची गरज असते. साडेपाच फुटी हौद्याची चार दारी गाडी घेऊन त्याने काय करावे? केबिन वाढली की हौदा आखडतो, कारण रस्ता आणि गॅरेज यांची लांबी वाढत नाही. फोर्डच्या संकरित एंजिनाची गाडी तर विजेचा पुरवठाही करते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात कडाक्याच्या थंडीने वीज गेली, तेव्हा काही कुटुंबांनी तिच्यावर घरातील उपकरणे चालवली. जेथे वीज वरचेवर जाते, तेथे हा गुण अनमोल. जेथे जात नाही, तेथे तो केवळ वाढीव हप्ता.

म्हणून माझ्या मते तुलनेचा क्रम उलटा हवा. आधी गाडी पाहून मग गरज शोधण्याऐवजी, गेल्या वर्षभरात आपण काय वाहिले, किती वेळा वाहिले, किती माणसे बरोबर होती, हे कागदावर लिहावे. मगच दुकानाची पायरी चढावी. त्या कागदासमोर चौघींपैकी दोघी आपोआप गळून पडतील. उरलेल्या दोघींची दारावरची पट्टी वाचावी, भार ठेवून चालवून पाहावी, जवळची दुरुस्तीशाळा कोणती ते पाहावे आणि सहा-सात वर्षांच्या कर्जावर व्याजासह एकूण किती पैसे जातील ते काढावे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे आपल्या पूर्वजांचे वचन डॉलरांनाही लागू आहे.

कोणी म्हणेल, ‘माणूस केवळ गरजेपोटी थोडाच जगतो? हौसेला काही मोल आहे की नाही?’ अवश्य आहे. हौसेने घेतलेल्या वस्तूत पाप नाही. मात्र तिची नोंद ‘हौस’ म्हणूनच व्हावी. तिला ‘गरज’ हे खोटे नाव देऊ नये. हौस आहे असे मान्य केले की तिला मर्यादा घालता येते. गरजेचे सोंग घेतलेल्या हौसेला मर्यादा घालणे कठीण.

आणि एक गोष्ट या साऱ्या तक्त्यांतून बहुधा सुटते : गाडीबाहेरचा माणूस. महामार्गांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील एका विमासंस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ज्या वाहनांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याचा संभव, ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळला. चाळीस इंच म्हणजे साधारण चार वर्षांच्या मुलाची उंची. ज्याला एवढी उंच गाडी कामासाठी लागते त्याने ती घ्यावी आणि दक्षतेने चालवावी. ज्याला लागत नाही, त्याने केवळ रुबाबासाठी रस्त्यावरील परक्याच्या मुलाला हा धोका का द्यावा? किंमत आपण मोजतो, पण कधी कधी तिचा एक भाग दुसऱ्याच्या वाट्याला येतो. खरी तुलना त्याचाही हिशेब करते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी फार थोडे अशी मालमोटार कधी घेतील. परंतु शालान्त परीक्षेनंतर तुमच्यासमोरही अशीच चकचकीत माहितीपत्रके येतील : अमुक वर्गाचा निकाल इतके टक्के, तमुक महाविद्यालयाचे नाव इतके मोठे. त्या वेळी आकडा कोणी काढला, कोणत्या रीतीने काढला आणि त्यात तुमच्यासारखा विद्यार्थी बसतो काय, एवढे तीन प्रश्न निर्भयपणे विचारा. उत्तर देणारा अडखळला, तर घाई करू नका. चांगली वस्तू दुसऱ्या दिवशीही चांगलीच असते.