पुलाच्या दोन्ही टोकांना

मे महिना लागला की कॅलिफोर्नियातल्या आमच्या सनीवेल-कपर्टिनो भागात घरोघरी आई-बाबा येऊ लागतात. मुक्काम चार-सहा महिन्यांचा. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि गाडी चालवता येत नाही म्हणून ही दोघं दिवसभर घरात. होमस्टेड रोडजवळ राहणाऱ्यांचं मात्र तसं नाही. तिथून निघून चालत कपर्टिनोच्या मेमोरियल पार्कात जाता येतं, मध्ये २८० क्रमांकाचा महामार्ग आडवा असूनही.

ही सोय डॉन बर्नेट पुलाची. कपर्टिनोच्या एका माजी महापौरांचं नाव असलेला हा पूल ५०३ फूट लांब आहे. उंच मनोऱ्यांना बांधलेल्या केबलींनी तो तोलून धरलाय. तो फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी आहे. ३० एप्रिल २००९ ला तो खुला झाला. खर्च दीड कोटी डॉलरच्या घरात. आकडा ऐकून लोक चमकतात. मला तो पूर्णपणे पटतो, आणि मनोऱ्यांमुळे नव्हे, चढामुळे.

या पुलावर जायला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. रस्त्यापासूनच वाट हळूहळू वर जाते, पायांना कळूही न देता. साताऱ्याहून आलेल्या एक काकू मला तिथे भेटतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, साडीवर स्पोर्ट्‌स शूज, हातात पाण्याची बाटली. कठड्याचा आधार न घेता त्या मध्यापर्यंत येतात आणि जाळीतून खाली बघत उभ्या राहतात. खाली गाड्यांचा घोंगाट एवढा, की आवाज चढवल्याशिवाय बोलता येत नाही. "सुनेला सांगितलंय, मला सोडायला-आणायला येऊ नकोस, माझी मी जाते," त्या म्हणाल्या. उत्तरेच्या टोकाला होमस्टेड हायस्कूल आहे. सकाळी दप्तरं पाठीला लावून मुलं याच पुलावरून सायकली हाणतात. पूल नसता तर त्यांना गाड्यांच्या मधून वाट काढावी लागली असती.

आपल्याकडचे महामार्गावरचे पादचारी पूल आठवा. दोन मजले चढायचे, तेवढेच उतरायचे. हातात भाजीची पिशवी, कडेवर मूल. शेवटी माणूस दुभाजकाच्या फटीतून पळत पलीकडे जातो आणि वर आपणच त्याला बेशिस्त म्हणतो. चढण टाळता येत नसेल, तर निदान ती चालणाऱ्यासाठी सौम्य तरी हवी. अशा चढणीला जागा जास्त लागते, पैसा जास्त लागतो, हे खरं. पण काकूंना वापरता येत नसेल तर पूल बांधला कुणासाठी?

दुसरी गोष्ट टोकांची. पूल उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्न इथेही पूर्ण सुटलेला नाही. पुलापासून पूर्वेकडे, २८० च्या कडेच्या नाल्याच्या देखभाल रस्त्यावरून, सुमारे तीन मैलांची पायवाट कपर्टिनोने आखली आहे. शेजारच्या माउंटन व्ह्यू शहराकडून स्टीव्हन्स क्रीक या ओढ्याच्या काठाने येणारी हिरवी वाट तर फार सुंदर. खाडीच्या दलदलीपासून झाडांच्या सावलीतून ती महामार्गांच्या खालून-वरून वाट काढत येते आणि मग तुटते. कपर्टिनोत ब्लॅकबेरी फार्मपाशी तिचा दुसरा तुकडा आहे. मधला भाग जोडायचा अभ्यास चार शहरांनी मिळून केला, पण ओढा तिथे घरांच्या परसाला लागून वाहतो. अनोळखी लोक मागच्या कुंपणाशी फिरतील, म्हणून रहिवाशांचा विरोध आहे.

ही भीती मी उडवून लावणार नाही. रात्री वाट बंद ठेवता येईल, कुंपणं उंच करता येतील, झाडं लावता येतील, आणि हा खर्च शहरानेच करायला हवा. पण विरोध करणारे सभेला येतात. ज्यांना वाट हवी, ते त्या वेळी पोरांना पोहायला नाहीतर गाण्याच्या क्लासला पोचवत असतात, अर्थात गाडीनेच. या पट्ट्यात मराठी घरं कमी नाहीत. नगरपालिकेच्या सभेत कुणालाही उठून बोलता येतं, त्याला नागरिकत्व लागत नाही. पुढच्या सुनावणीला मी जाणार आहे, आणि काकूंनाही यायचंय.